पाण्याची टाकी आणि फत्तेखानाची जमीन

मागच्या महिन्यात पोलादपूरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा मित्रांबरोबर कॅम्पर व्हॅन घेऊन मनालीहून लेहला जायच्या तयारीत आहे. गाडीतच झोपायचे, गाडीतच शिजवायचे. त्याने वहीत यादी केली होती. तांदीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे, म्हणून डिझेलचे कॅन. ८० लिटर पाण्याची टाकी. दहा दिवसांचा शिधा. शेवटच्या ओळीपुढे मात्र प्रश्नचिन्ह होते : रात्री गाडी कुठे लावायची?

"मामू, मित्रांची काळजी नाही. माझं नाव ऐकून कोण जागा देईल, ते सांगा," तो म्हणाला. पुण्यात खोली शोधताना त्याला आलेला अनुभव मला ठाऊक होता. मी त्याला हिमालयाबद्दल काय सांगणार? मी शेजारच्या महाडच्या एका प्रवासाबद्दल सांगितले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले, काठावर नाही. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी आलेल्या हजारो माणसांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. तेव्हा जीव वाचवायला धावलेल्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला जायचे ठरले, तेव्हा मार्चचा अनुभव समोर ठेवूनच आखणी झाली. भाच्याच्या यादीतले तिन्ही प्रश्न तिथे होते. पहिला प्रश्न वाटेचा. मुंबईहून धरमतरमार्गे येणे सोयीचे होते. पण तिथून पुढे मोटारवाले ऐनवेळी नेतील याची खात्री नव्हती. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला आले. दुसरा प्रश्न शिध्याचा. गावातले व्यापारी माल देईनात, तेव्हा धान्य बाहेरून आणून साठवावे लागले. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, जागेचा. परिषदेच्या मंडपाला महाडात कुणी जमीन देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच परिषदेत.

भाच्याचा चेहरा उजळला. आमच्या शाळेत तळ्याचा धडा होता, फत्तेखान नव्हता. आपल्या माणसाचे नाव अशा जागी सापडले की बरे वाटतेच. मलाही पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले होते. म्हणूनच दुसरी गोष्ट सांगणे मला भाग पडले.

१९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघाले. वाटेत निजामाच्या मुलखातला दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने तोंड-हातपाय धुतले. तेवढ्यावरून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा 'आमचा हौद बाटवला' म्हणत धावून आला. मुसलमानांचा जमाव जमला, शिवीगाळ झाली. हेच तुमचा धर्म शिकवतो का, अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाण्याला शिवू देणार नाही का, असे बाबासाहेबांनी विचारले. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हते. तरीही किल्ला बघताना, कुणी पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर दिला गेला.

महाडला जमीन देणारा मुसलमान होता आणि दौलताबादला पाणी अडवणारेही मुसलमान होते. मधे सात वर्षेही गेली नव्हती. आपण फत्तेखानाचा वारसा सांगतो, तेव्हा त्या म्हाताऱ्याचाही हिशेब द्यावा लागतो. आपल्याच बिरादऱ्यांमध्ये सोयरीक जुळवताना आणि पंगतीला बसवताना उच्च-नीच पाहणारे आजही आहेत. ज्याला पुण्यात नावावरून खोली नाकारली गेली, त्याने आपल्या मोहल्ल्यात कुणाला काय नाकारले जाते, हेही बघितले पाहिजे. नाही तर आपली तक्रार खरी असूनही अर्धीच राहते.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे जागा मिळेल की नाही, ते यादीत लिहिता येत नाही."

"नाही येत," मी म्हणालो. "पण वाटेत कुणी जागा दिली, पाणी दिलं, तर त्याचं नाव वहीत लिहून आण. आणि टाकीत पाणी असताना कुणी मागितलं, तर त्याचं नाव विचारू नकोस."