केसांच्या ठेवणीसाठी कायदा का करावा लागला? अमेरिकेतला ‘क्राउन अ‍ॅक्ट’ समजून घ्या

डिसेंबर २०१८. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात शालेय कुस्तीचा सामना सुरू होणार होता. पंचांनी एका कृष्णवर्णीय मुलाला दोनच पर्याय दिले: ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारखी केसांची ठेवण काप, नाहीतर सामना सोड. मुलाने तिथेच केस कापू दिले आणि सामना जिंकला. पण त्याचा व्हीडिओ देशभर व्हायरल झाला. बरोबर एक वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ला न्यू जर्सीने ‘क्राउन अ‍ॅक्ट’ मंजूर केला.

हा कायदा काय सांगतो?

‘क्रिएटिंग अ रिस्पेक्टफुल अँड ओपन वर्ल्ड फॉर नॅचरल हेअर’ या नावातल्या आद्याक्षरांवरून ‘क्राउन’ हा शब्द आला. केसांचा नैसर्गिक पोत किंवा बारीक वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांसारख्या ठेवणीमुळे कुणाला नोकरी नाकारता येणार नाही, शाळेतून काढता येणार नाही, असं हा कायदा सांगतो. कृष्णवर्णीयांच्या दाट, कुरळ्या केसांसाठी या ठेवणी फक्त फॅशन नाहीत. त्यामुळे केस तुटत नाहीत आणि त्यांची निगा राखणं सोपं जातं.

वंशभेदावर आधीच बंदी नव्हती का?

होती. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंशावरून भेदभाव करायला बंदी घातली. मग अडचण कुठे होती? अलाबामात एका कृष्णवर्णीय महिलेने लॉक्स कापायला नकार दिला म्हणून तिला देऊ केलेली नोकरी काढून घेण्यात आली. प्रकरण कोर्टात गेलं. २०१६मध्ये फेडरल अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कातडीचा रंग बदलता येत नाही, केसांची ठेवण मात्र बदलता येते, त्यामुळे हा वंशभेद ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ही पळवाट बुजवण्यासाठी कार्यकर्ते राज्यांच्या विधिमंडळांकडे वळले.

कायदा झाला कसा?

सुरुवात कॅलिफोर्नियातून झाली. स्वतः लॉक्स ठेवणाऱ्या सिनेटर हॉली मिचेल यांनी ‘एसबी १८८’ हे विधेयक मांडलं. ‘नॅशनल अर्बन लीग’, ‘कलर ऑफ चेंज’ यांसारख्या संघटना आणि ‘डव्ह’ हा ब्रँड ‘क्राउन कोअॅलिशन’ म्हणून त्यामागे उभे राहिले. एकही विरोधी मत न पडता विधेयक मंजूर झालं आणि ३ जुलै २०१९ला राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली.

विधेयकात नवी शिक्षा किंवा नवी यंत्रणा नव्हती. राज्याच्या जुन्या कायद्यांतली ‘वंश’ या शब्दाची व्याख्या तेवढी रुंद केली होती. त्यामुळे इतर राज्यांतल्या कार्यकर्त्यांना तयार नमुना मिळाला. त्याच जुलैत न्यूयॉर्कनेही कायदा केला. आज २० पेक्षा जास्त राज्यांत असा कायदा आहे.

टेक्ससमध्ये काय घडलं?

कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असं नाही. टेक्ससमधल्या बार्बर्स हिल शाळांमध्ये २०२०मध्ये लॉक्सवरून वाद झाला आणि राज्यात कायद्याची मागणी जोर धरू लागली. २०२१मध्ये विधेयक रखडलं. तिथल्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच होतं, त्यामुळे थेट २०२३ची वाट पाहावी लागली. १ सप्टेंबर २०२३ला कायदा लागू झाला.

जवळपास त्याच सुमारास त्याच बार्बर्स हिलमध्ये आणखी एका विद्यार्थ्यावर लॉक्सवरून कारवाई झाली. शाळेचं म्हणणं होतं की आक्षेप ठेवणीवर नाही, लांबीवर आहे. लॉक्स ठेवायचे तर केस वाढवावेच लागतात, त्यामुळे लांबीचं संरक्षण कायद्यात गृहीतच आहे, असं कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं होतं. पण कायद्यात ‘लांबी’ हा शब्दच नव्हता. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला.

मग संपूर्ण देशासाठी एकच कायदा का नाही?

प्रयत्न झाला. मार्च २०२२मध्ये प्रतिनिधीगृहाने २३५ विरुद्ध १८९ मतांनी विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडकलं. त्यामुळे आजही एका राज्यात वेण्या घालून शाळेत जाणाऱ्या मुलीला जे संरक्षण मिळतं, ते राज्य बदलल्यावर मिळेलच असं नाही. म्हणूनच ही लढाई अजूनही एकेका विधिमंडळात, कायद्याच्या एकेका शब्दासाठी लढली जातेय.