डोमेन नाव : पुनर्विक्री मूल्य

इंटरनेटवरील पत्ता म्हणून नोंदवलेले नाव दुसऱ्याला विकताना मिळू शकणारी किंमत. नोंदणी मुदतीची असते, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची. नूतनीकरण चुकले तर हक्क जातो. जमिनीप्रमाणे नुसते धरून ठेवून या नावाचा भाव वाढत नाही. नेमके तेच नाव हवे असलेला ग्राहक असेल, तरच त्याला मोल येते.

निकष : नाव लहान, अर्थपूर्ण आणि उच्चारास सोपे असावे. फोनवर एकदा सांगितल्यावर ऐकणाऱ्याला ते बिनचूक टाइप करता आले पाहिजे. मराठी शब्द येथेच अडतात. ‘तूर’ रोमन लिपीत कोणी ‘यू’ने लिहितो, कोणी दोन ‘ओ’ने, त्यामुळे एकाच नावाची गिऱ्हाइके दोन पत्त्यांवर विभागली जातात. देवनागरी ‘.भारत’ 2014 पासून उपलब्ध आहे. मात्र पुनर्विक्रीत ‘.कॉम’ आणि 2005 मध्ये सर्वांना खुले झालेले ‘.इन’ यांनाच अधिक मागणी असते.

स्थानिक उदाहरण, नांदेड-लातूर : लातूरची ओळख डाळ गिरण्या, सोयाबीन आणि परीक्षा-तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ यांची. गाव व धंदा जोडून केलेल्या नावाला, उदा. लातूर आणि डाळ, अनेक व्यापारी संभाव्य ग्राहक ठरतात. शिकवणी वर्गांशी जुळणाऱ्या नावांचेही तसेच. पण ‘बोरसुरी तूरडाळ’ला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव विक्रीसाठी अडवणे धोक्याचे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचे नाव घेऊन किंमत मागणे तर भाविकांच्या विश्वासाशी खेळणे होय. गावाचे नाव बदलले की हिशेबही बदलतो : शेजारच्या उस्मानाबादचे 2023 मध्ये धाराशिव झाले आणि जुन्या नावाच्या पत्त्यांचा व्यापारी उपयोग आक्रसला.

कायदा : मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये ‘रेडिफ’ या संकेतस्थळाच्या नावाशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ वापरण्यास मनाई केली. व्यापारचिन्हाप्रमाणे डोमेन नावालाही संरक्षण मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे खटल्यात 2004 मध्ये स्पष्ट केले. ‘.इन’च्या तंटानिवारण धोरणानुसार, मूळ व्यापारचिन्हधारकालाच चढ्या भावाने विकण्यासाठी केलेली नोंदणी दुर्हेतूची मानली जाते व नाव काढून घेता येते.

मूल्यनिर्धारण : आधी व्यापारचिन्हांची नोंद व नावाचा पूर्वेतिहास तपासावा, पूर्वी फसवणुकीसाठी वापरलेले नाव घेऊ नये. मग त्याच प्रकारच्या नावांचे झालेले व्यवहार पाहावेत. विक्रेत्याने मागितलेला भाव किंवा संगणकाने काढलेला अंदाज हा पुरावा नव्हे. 2019 मध्ये ‘व्हॉइस.कॉम’ 3 कोटी डॉलरला विकले गेले; अशा अपवादावरून जिल्ह्याच्या बाजाराचा भाव ठरत नाही. शेवटी खर्च मांडावा : वर्षाला नावामागे 1,000 रुपये धरले, तर 50 नावे 5 वर्षे सांभाळण्यास अडीच लाख लागतात. संभाव्य ग्राहकांची नावे कागदावर लिहिता येत नसतील, तर त्या नावाचे पुनर्विक्री मूल्य शून्य धरणेच शहाणपणाचे.