अटी जुळवण्याचे गणित

श्रोते हो, वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेचा हा काठ तर्काला अनोळखी नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९२३ साली कलकत्त्यास ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवली. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले प्रसिद्ध अनुमान. पण अटी पुष्कळ असल्या आणि सगळ्या एकदम पाळायच्या असल्या, तर?

आपल्या गावची जत्राच घ्या. पंच म्हणतात, नाटक किंवा कीर्तन, एक तरी हवेच. नाटक असेल तर कुस्त्या नकोत. कीर्तन असेल तर कुस्त्या हव्यात. शिवाय नाटक ठेवले तर कीर्तनही ठेवा. आता हे जमायचे कसे?

बाबी तीन, प्रत्येकीला हो किंवा नाही. म्हणजे तऱ्हा आठ. त्या एकेक तपासता येतील. पण बाबी वीस झाल्या की तऱ्हा १० लाखांवर जातात!

१९६० साली अमेरिकेत मार्टिन डेव्हिस आणि हिलरी पटनम यांनी यावर एक रीत मांडली. १९६२ साली डेव्हिस, लोगेमन व लव्हलँड यांनी तिला नवे रूप दिले. एक उत्तर धरायचे आणि अटी नेतील तिकडे जायचे. नाटक धरले, की कुस्त्या गेल्या. नाटकामागे कीर्तन आले, कीर्तनामागे कुस्त्या परत आल्या. अडलं की नाही? मग मागे फिरायचे. नाटक सोडले, म्हणजे कीर्तन हवेच, आणि कुस्त्याही. जमले!

१९७१ साली स्टीफन कुक यांनी दाखवले, की हे कोडे झटपट सोडवणारी रीत सापडली, तर दुसरी असंख्य अवघड कोडीही झटपट सुटतील. मराठी घराण्यातले नरेंद्र करमरकर १९८४ सालच्या आपल्या गणिती रीतीमुळे जगभर गाजले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच वाट या कोड्यालाही लावून पाहिली; त्याचे अनुभव १९९० साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९६ साली मार्केस-सिल्व्हा आणि सकल्ला यांनी संगणकाला अडल्याचे कारण लक्षात ठेवायला शिकवले, म्हणजे तीच चूक पुन्हा होत नाही.

आज यंत्रांच्या जोडण्या निर्दोष आहेत का, हे अशाच रीतींनी तपासतात. तरी प्रत्येक कोडे झटपट सोडवणारी रीत आहे की नाही, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराला २००० साली १० लाख डॉलरांचे बक्षीस जाहीर झाले.

गुरुजी, जत्रेचे कोडे वर्गात जरूर घाला. उत्तराबरोबर, नाटक का जमले नाही, तेही मुलांना पाटीवर लिहायला सांगा.