लिव्हरपुलातली उमरावती

अमरावतीचं नाव इंग्रजांच्या जुन्या कागदांत 'उमरावती' असं येतं. लिव्हरपूलच्या कापूस दलालांना तेही लांब वाटलं असावं, कारण त्यांच्या बाजारात त्याचं नुसतं 'उमरा' झालं. हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला तिथं सरसकट 'सुरत' म्हणत आणि मग त्यात पोटजाती: भडोच, ढोलेरा, हिंगणघाट, धारवाड, उमरा. उमरा म्हणजे मुख्यतः वऱ्हाडचा कापूस, पण पुढंपुढं आसपासच्या मुलखातला मालही त्याच नावाखाली विकला जाऊ लागला. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडची पऱ्हाटी अमरावतीच्या बाजारात गेली आणि तिची गाठ बांधली गेली की गावाचं नाव संपलं. पुढं ती फक्त उमरा.

हे मला कळलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर इंग्लंडात आलो होतो. मध्ये आठवडाभर सुट्टी मिळाली. बरोबरची मुलं पॅरिस, ॲमस्टरडॅमला निघाली. माझ्याकडं त्या व्हिसाचे पैसे नव्हते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्वेन बेकर्टचं 'एम्पायर ऑफ कॉटन' चाळत होतो आणि त्यात चक्क खामगाव आलं, वऱ्हाड आलं. हजारो मैलांवर बसून खामगावबद्दल वाचताना कसं वाटतं ते सांगता येत नाही, कुणीतरी एकदम मागून हाक मारावी तसं काहीसं. त्याच रात्री लिव्हरपूलचं बसचं स्वस्त तिकीट काढलं, दोन दिवसांसाठी.

लोक लिव्हरपूलला बीटल्ससाठी जातात, फुटबॉलसाठी जातात. मी पहिला दिवस गोदामं बघण्यात घालवला. अल्बर्ट डॉक १८४६ साली सुरू झाला. विटा, दगड आणि बीड यांचंच बांधकाम, लाकडाचा आधार कुठंही नाही, कारण आत जो माल राहायचा तो ठिणगीची वाट बघणारा. कापूस, रेशीम, चहा, दारू. आमच्याकडं जिनिंगला आग लागली की तीन दिवस धूर निघत राहतो, त्यामुळं ही सावधगिरी मला फार समजावून घ्यावी लागली नाही.

टाउन हॉलच्या मागं एक्स्चेंज फ्लॅग्ज नावाचा फरसबंद चौक आहे. मध्ये नेल्सनचं १८१३ सालचं स्मारक, त्याच्या पायाशी साखळदंडातले कैदी. कापसाचे दलाल १८९० च्या दशकापर्यंत याच चौकात, उघड्यावर, उभ्याउभ्या सौदे करायचे. पाऊस असो की धुकं. जवळच वॉटर स्ट्रीटवर ओरिएल चेंबर्स ही १८६४ सालची इमारत आहे, जवळपास सगळी काचेचीच. आधुनिक वास्तुकलेचे विद्यार्थी ती बघायला येतात. मी मात्र साल बघून थांबलो.

१८६४. म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात. त्याआधी लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून येत असे. १८६१ ला युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि गिरण्या उपाशी राहू लागल्या. तेव्हा त्यांना आमची आठवण झाली. वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलाच होता. आता त्याचं काय करायचं तेही ठरलं. लँकेशायरच्या मजुरांना मात्र आमचा कापूस आवडत नव्हता. धागा आखूड, कचरा फार, मागावर सारखा तुटायचा. देवा, कापूस पाठव पण सुरत नको, अशी तिथं प्रार्थना होत असल्याची आख्यायिका आहे. आमच्या मालाला नावं ठेवणारे इतके जुने आहेत हे वाचून मला हसू आलं.

त्याआधीही वऱ्हाडचा कापूस लांब जायचाच. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत, आणि बराचसा इथंच सूत होऊन साळी-कोष्ट्यांच्या मागावर चढायचा. युद्धानं आणि रेल्वेनं ही दिशा फिरवली. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला, १८७० साली खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं येऊन सुरू केला. त्याच्या आगेमागेच सुवेझचा कालवा (१८६९) आणि मुंबईपर्यंतची समुद्री तार (१८७०) आली. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी महिन्यांवरून तासांवर आली. फक्त ती तार गावात येत नव्हती. भाव आधी कळायचा तो दलालाला, मग अडत्याला, आणि बंडी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या कास्तकाराला सगळ्यात शेवटी.

रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर होता. त्यानं लिहून ठेवलंय की रेल्वेनं स्वस्त विलायती कापड आत येईल, इथले विणकर माग सोडून शेतावर मजुरीला जातील, आणि मग कापूस आणखी पिकवता येईल. त्याला यात क्रौर्य दिसत नव्हतं. त्याला ते नियोजन वाटत होतं. आराखड्यांच्या मीटिंगा आता मीही करतो, म्हणून त्याचा तो शांत सूर मला जास्त टोचतो.

त्यानंतरचं तीस वर्षांनी दिसलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पण पऱ्हाटी ज्वारीच्या रानात शिरली ती शिरली. सारा रोख भरायचा, सावकाराचं देणं रोख, आणि रोख पैसा देणारं पीक एकच. १८९६-९७ ला दुष्काळ पडला, १८९९-१९०० ला त्याहून मोठा. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ ला साडेसत्तावीस लाख. दहा वर्षांत माणसं वाढायला हवी होती, ती दीड लाखानं घटली. हा हिंदुस्थानातल्या सुपीक मुलखांपैकी एक, काळ्या मातीचा, रेल्वे दाराशी असलेला. लक्ष्मण सत्य यांच्या 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या पुस्तकाच्या नावातच कापूस आणि दुष्काळ शेजारी बसलेत. आमच्या घरात या दुष्काळाची एकही गोष्ट नाही. आजाला त्याच्या बापाच्या बैलांची नावं माहीत होती, पण त्या सालांबद्दल कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. समोर मर्सी नदी, वारा असा की बोललेलं ऐकू येईना.

"कुठं हाय बे तू?"

म्हटलं, आपला कापूस जिथं यायचा तिथं.

"मंग विचार ना, तिथं काय भाव चालू हाय?"

ते थट्टा करत होते, पण मागं टीव्हीचा आवाज बंद केल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ओल्ड हॉल स्ट्रीटवरचं कॉटन एक्स्चेंज बघितलं. १९०६ सालची इमारत. तिचा भव्य दर्शनी भाग १९६० च्या दशकात पाडला आणि तिथं साधं ऑफिस उभं केलं. बाजूच्या रस्त्यावरून जुनं बिडाचं काम अजून दिसतं. नमुन्याच्या खोल्यांना उत्तरेचा उजेड लागे. ऊन डोळ्यांत न येता तंतूचा रंग नीट दिसावा म्हणून. तिथं पिंजलेला कापूस चिमटीत धरून, दोन्ही बाजूंनी ओढून त्याची जात ठरायची. ही चिमूट मी पाहिलेली आहे. खरेदी केंद्रावर आजाची बंडी दोन दोन रात्री रांगेत उभी असायची, मग ग्रेडर ढिगात हात घालून मूठभर कापूस बाहेर काढायचा, चिमटीत ओढायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर बहिणीचं लग्न ठरायचं किंवा पुढं जायचं.

यात एक विचित्र गोष्ट आहे. उमरा हे नाव लिव्हरपूलच्या पत्रकात राहिलं, पण अमेरिकेचा कापूस परत सुरू झाल्यावर इंग्लंडनं तो फारसा घेतलाच नाही. आखूड धाग्याच्या गाठी युरोपातल्या इतर देशांत आणि पुढं जपानला जाऊ लागल्या. तो गावरान कापूसही आता गेला. २००२ नंतर बीटी आलं, संकरित लांब धाग्याचं, आणि आजाच्या बोलण्यातलं देशी वाण मी स्वतः कधी रानात पाहिलं नाही.

लिव्हरपुलात आज कापूस उतरत नाही. पण इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन अजून त्याच शहरात आहे. जगातल्या कापसाचे करार तिच्या नियमांनी होतात आणि तंटे तिच्या लवादापुढं जातात. ज्या 'कॉटलुक ए इंडेक्स'कडं बघून जगभरचे व्यापारी बोलतात, तोही मर्सीच्या काठावरूनच निघतो. नांदगावात आता पऱ्हाटीपेक्षा सोयाबीनच जास्त दिसतं. आमच्याकडं तीन एकर पऱ्हाटी उरली आहे. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की बाबा सकाळी चहाबरोबर मोबाइलवर भाव बघतात, आणि दिवसातून एकदा मला पुण्यात फोन करून विचारतात, तुझ्या त्या विलायतेवाल्यांचा काय म्हणतो भाव?