एलिचपूरच्या डासाचं बारसं

डास ही माशीच आहे, असं म्हटलं की ऐकणारा हसतो. पण प्राणिशास्त्राच्या हिशेबात ते खरं आहे. उडायला दोनच पंख, आणि मागच्या दोन पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक, गाठीच्या दांड्या, अशी ज्या कीटकाची ठेवण, तो माशीच्या घराण्यातला. घरमाशी, गोमाशी, फळमाशी, पिकल्या केळ्यांवर जमणारी चिलटं आणि रात्री कानाशी गुणगुणणारा डास, हे सगळे एकाच घरचे. मधमाशीला चार पंख असतात, म्हणून नावात माशी असूनही ती परकी. तेव्हा आज मी माशीच्या नावाबद्दल बोलणार आहे, पण उदाहरण घेणार आहे डासाचं. या एका डासाचं नाव आपल्या विदर्भात ठेवलं गेलं आणि त्या नावामुळे मुंबईच्या विहिरींवर झाकणं बसली.

आमच्या नवी मुंबईत दर पावसाळ्यात एक वाद रंगतो. हिवतापाचे रुग्ण वाढले की बोट खाडीकडे जातं. खारफुटी आहे, धारण तलाव आहेत, चिखल आहे, मग डास होणारच, असं सोसायटीच्या सभेत ठामपणे सांगितलं जातं. डास होणारच हे खरं. पण कोणता डास? हा प्रश्न सभेत कुणी विचारत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो काही लोकांनी विचारला, आणि त्याचं उत्तर त्यांना टाचणीला टोचलेल्या मेलेल्या डासांत सापडलं.

आमच्याकडे मूल जन्मलं की सातव्या दिवशी अकीका होतो, शेजारच्या घरी बाराव्या दिवशी बारसं. कीटकाचं बारसं मात्र तो मेल्यावर होतं. डास पकडायचा तो काचेच्या नळीत, अंगाला बोट न लावता. त्याची ओळख अंगावरच्या बारीक खवल्यांत असते. खवले बोटाला लागले की ओळख गेली. मग त्याला केसाएवढ्या टाचणीवर टोचतात आणि खाली चिठ्ठी लावतात : कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कुणी पकडला. चिठ्ठी हरवली तर तो नमुना शास्त्राच्या दृष्टीनं कचराच. नंतर भिंगाखाली पंखांवरचे काळे-पांढरे डाग पाहायचे, पायांवरचे ठिपके पाहायचे. सोंडेच्या दोन्ही बाजूंना काडीसारखे दोन अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. त्यांच्यावरचे पांढरे पट्टे मोजायचे. पुष्कळ माश्यांच्या बाबतीत एवढ्यानंही भागत नाही. नराच्या शेपटाकडचा भाग कॉस्टिकमध्ये उकळून, पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, तेव्हा कुठे एक जात दुसरीपासून वेगळी निघते.

आधी नाव मिळालेल्या कुणाशीच हे सगळं जुळलं नाही तर नवं नाव द्यायचं, वर्णन छापायचं आणि एक नमुना बाजूला काढून ठेवायचा. तो प्रमाण नमुना. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये अशा नमुन्याच्या टाचणीवर लाल कडेची गोल चिठ्ठी असते. पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तर पुस्तक नव्हे, तो वाळलेला कीटक साक्षीला काढतात. मी कविता लिहिणारा माणूस. एखाद्या शब्दाचा अर्थ कुठल्याशा कपाटात टाचणीला टोचून ठेवलेला आहे ही कल्पना मला प्रथम भयंकर वाटली. नंतर हेवा वाटला. आपल्या हवेत मात्र हा साक्षीदार टिकवणं सोपं नाही. पावसाळ्यात बुरशी येते, आणि वाळलेले कीटक खाऊन त्यांचा भुगा करणारे बारीक किडेही असतातच.

आता गोष्टीकडे येऊ. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी, की तो डास कोणत्या जातीचा हे रॉस यांना सांगता आलं नाही. डासांची शास्त्रीय पुस्तकं त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी आपल्यापुरती नावं पाडली होती : करडे, पट्टेरी आणि ठिपक्या पंखांचे. रॉस स्वतः कविता करत, तेव्हा नाव पाडणं त्यांना जड गेलं नसावं. पण घरच्या नावानं जगाचं काम चालत नाही. कलकत्त्याच्या डॉक्टरनं ठिपक्या पंखांचा म्हटलेला डास आणि लागोसच्या डॉक्टरनं म्हटलेला डास एकच कशावरून?

ही अडचण ब्रिटिश सरकारच्या लवकर लक्षात आली. १८९८ मध्ये वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी सगळ्या वसाहतींना कळवलं, की तुमच्याकडचे डास गोळा करून लंडनच्या संग्रहालयात पाठवा. जगभरातून डब्या येऊ लागल्या. त्यांतले डास लावून, पाहून, नावं देण्याचं काम फ्रेडरिक थिओबाल्ड यांच्याकडे आलं. १९०१ ते १९१० या काळात त्यांनी जगातल्या डासांवर पाच खंड छापले. साम्राज्याला आपले सैनिक आणि मजूर जगवायचे होते, हा हेतू उघड आहे. त्या डब्या भरणाऱ्या वॉर्डबॉय आणि कंपाउंडरांची नावं बहुतेक कुठे उरली नाहीत, हेही तितकंच उघड आहे.

हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर जॉर्ज गाइल्स यांनी १८९९ मध्ये इथल्या एका भरपूर आढळणाऱ्या ॲनॉफिलीस डासाला रॉस यांच्या सन्मानार्थ ‘रॉसी’ हे नाव दिलं. पण नावांच्या कायद्यात एक कलम आहे : जे आधी छापलं ते खरं. त्याच साली इटलीच्या जोव्हानी ग्रासी यांनी याच जातीला ‘सबपिक्टस’ असं नाव दिलेलं निघालं. शोधाचं श्रेय कुणाचं यावरून रॉस आणि ग्रासी हाडवैरी होते. आणि रॉस यांच्या नावाचा डास शेवटी ग्रासी यांच्या नावे जमा झाला. मुशायऱ्यात एकाच तखल्लुसाचे दोन शायर समोरासमोर आले तर निदान दोघेही आपापलं तखल्लुस ठेवून घरी जातात. इथे तीही सोय नाही.

पण ही नुसती मानापमानाची कथा नाही. रॉयल सोसायटीनं पाठवलेले स्टीफन्स आणि ख्रिस्तोफर्स हे दोन डॉक्टर त्या सुमाराला हिंदुस्थानात हिंडत होते. कलकत्त्याच्या आसपास त्यांनी डास फाडून पाहिले. डबक्याडबक्यांत बुजबुजलेला हा ‘रॉसी’ तिथे निसर्गात हिवताप वाहत असल्याचं त्यांना आढळलं नाही. काही किनारी मुलखांत हाच डास अगदी निर्दोष नाही असं पुढे दिसलं, पण तो वेगळा मुद्दा. ॲनॉफिलीस दिसला म्हणजे हिवताप आला, हे समीकरण त्यांनी मोडलं. जात ओळखल्याशिवाय डबकं बुजवणं म्हणजे पैसे आणि श्रम पाण्यात घालणं होतं.

याच स्टीफन्स यांचं नाव आपल्या डासाला आहे. वऱ्हाडातलं एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, इमादशाहीची जुनी राजधानी. लगतच्या परतवाड्याला तेव्हा लष्करी छावणी होती. विल्यम ग्लेन लिस्टन नावाच्या तरुण डॉक्टरनं तिथे वर्षभर डासांच्या सवयींचा अभ्यास केला आणि १९०१ मध्ये तो ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एका जातीला त्यांनी नाव दिलं, ॲनॉफिलीस स्टेफेन्सी. पाल्पवर तीन पांढरे पट्टे, टोकाकडचे दोन रुंद. पाल्पवर आणि पायांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. सबपिक्टसच्या पायांवर असे ठिपके नसतात. भिंगाखाली दिसणारा हा चिमूटभर मिठाचा फरक. लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्लेगच्या प्रयोगशाळेत आले. आजची हाफकिन संस्था ती हीच. उंदरावरच्या पिसवा आणि प्लेग यांचा संबंध सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मुंबईत हिवताप होताच. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी चौकशी करून १९११ मध्ये अहवाल दिला. शहरातला मुख्य गुन्हेगार स्टेफेन्सी ठरला. हा डास चिखलाच्या डबक्यात रमणारा नव्हे; त्याला विहिरी, हौद, टाक्या, कारंजी, असं माणसानं साठवलेलं, बहुधा स्वच्छ पाणी लागतं. म्हणजे बोट गटाराकडून एकदम घरातल्या पवित्र पाण्याकडे वळलं. विहिरी झाका किंवा बुजवा, असा बडगा आला आणि शहर खवळलं. पारशी म्हणाले, विधीच्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडलाच पाहिजे. हिंदूंची विहिरीची पूजा होती, आणि विहिरीत राहणाऱ्या दैवतांना कोंडणार कसं, हाही प्रश्न होता. महापालिकेचे अधिकारी रुस्तम पेस्तनजी मसानी यांच्यापर्यंत या तक्रारी येत. त्यांतूनच त्यांना विहिरींच्या लोककथा गोळा करण्याची गोडी लागली आणि १९१८ मध्ये ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे पुस्तक झालं. काही विहिरींना बारीक जाळीची झडप बसवून तोडगा निघाला. सरकारी हुकमातून इतकं रसाळ पुस्तक क्वचितच निघालं असेल. तरी हिवताप काही हटला नाही. गॉर्डन कोव्हेल यांना १९२८ मध्ये मुंबईच्या हिवतापावर पुन्हा अहवाल लिहावा लागला.

टाचणीवरच्या नमुन्याची मर्यादाही लवकरच कळली. १९३३ मध्ये ख्रिस्तोफर्स यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत ॲनॉफिलीसवर अख्खा खंड लिहिला. पुढची कितीतरी वर्षं लोक त्यावरून डास ओळखत होते. पण चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, स्वीट आणि राव यांनी दाखवलं की स्टेफेन्सीचे प्रकार भिंगाखाली सारखेच दिसतात आणि अंड्यावरून मात्र वेगळे काढता येतात. अंड्याच्या दोन्ही अंगांना तरंगण्यासाठी पोकळ पिशव्या असतात, त्यांवरचे कंगोरे मोजायचे. मूळ प्रकारात १४ ते २२, दुसऱ्यात ९ ते १५. या दुसऱ्याला त्यांनी ‘मैसोरेन्सिस’ म्हटलं. तो खेड्यांतला आणि हिवताप पसरवण्यात दुबळा. शहरी प्रकार तरबेज. खेड्यापाड्यांत हिवताप नेणारा मुख्य डास म्हणजे क्युलिसिफेसीस; त्याची कथा याहून गुंतागुंतीची. १९८०च्या दशकात दिल्लीच्या मलेरिया रिसर्च सेंटरमधल्या सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून त्या एका नावाखाली दडलेल्या अनेक जाती वेगळ्या निघत गेल्या. आज त्या पाच धरतात. टाचणीवर टोचल्या तर पाचही हुबेहूब, फरक गुणसूत्रांत. त्यांना अजून बारशाची नावं नाहीत, ए, बी, सी, डी, ई एवढीच अक्षरं आहेत. बी बहुतेक ठिकाणी जवळजवळ निरुपद्रवी. जुन्या कपाटात टोचलेला क्युलिसिफेसीस ए होता की बी, हे नुसत्या डोळ्यांनी आता कुणीच सांगू शकत नाही.

नवी मुंबईत या सगळ्याचा अर्थ फार साधा आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हापासून इथे बांधकाम थांबलेलं नाही. स्लॅब भरला की त्यावर दिवसेंदिवस पाणी साठवून ठेवतात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं, पिंपात पाणी असतं, गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं असतं. स्टेफेन्सीला नेमकं हेच हवं. खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणारे डास बहुतांशी दुसरे. चावतात तेही, पण हिवतापाचा शहरी धनी तो नव्हे. खारफुटीवर राग काढणं सोयीचं आहे, कारण खारफुटी सोसायटीची सभासद नाही. टाकी आपली असते, आणि बांधकामावर झोपणारा मजूर, ज्याला पहिला ताप भरतो, तो सभेत नसतो.

आरोग्य खात्यात ‘कीटक समाहारक’ नावाचं एक पद आहे. नाव अगदी संस्कृत नाटकातलं वाटतं. काम नळीत डास आणि डोयीत अळ्या धरून आणायचं. जात ओळखण्याची पहिली पायरी अजूनही हीच आहे.

आणि हे काम आता आपल्यापुरतं राहिलेलं नाही. २०१२ मध्ये आफ्रिकेच्या टोकाला जिबूतीत स्टेफेन्सी सापडला. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले होते. २०२० मध्ये ७३,५३५. कारणं एकाहून अधिक असतील, पण हा डास त्यांत आहे. २०१६ मध्ये तो इथिओपियात आढळला. श्रीलंका त्याच वर्षी सप्टेंबरात हिवतापमुक्त जाहीर झाली आणि डिसेंबरात तिथल्या मन्नारला हा डास मिळाला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं इशारा दिला. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा. हा डास तो शहरांत नेऊ शकतो. २०२२ मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात ऐन कोरड्या ऋतूत साथ आली, तेव्हा साठवलेल्या पाण्यात तोच निघाला.

आफ्रिकेत वापरली जाणारी डास ओळखण्याची जुनी कोष्टकं स्टेफेन्सीला धरून केलेलीच नव्हती, कारण तो तिथला नव्हता. त्यामुळे ठिपकेदार पायांचा हा पाहुणा त्या कोष्टकांच्या वाटेनं गेला, तर तिथल्याच गॅम्बिए या डासाचं नाव घेऊन बाहेर पडायचा. दक्षिण आफ्रिकेच्या मॉरीन कुट्झी यांनी २०२० मध्ये कोष्टक नव्यानं लिहिलं आणि त्यात एलिचपूरच्या या डासासाठी जागा केली.