एम.टेक.नंतर विमान कंपनीत इंजिनिअर : पदवी आणि लायसन्स यांतला फरक समजून घ्या

एरोस्पेस किंवा मेकॅनिकलमध्ये एम.टेक. झाले की विमान कंपनीत थेट इंजिनिअर होता येते, असा आपल्याकडे समज आहे. शैक्षणिक कर्ज काढण्यापूर्वी हा गैरसमज दूर व्हावा म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

लायसन्सचा मार्ग

दुरुस्तीनंतर विमान उड्डाणास योग्य असल्याची सही करण्याचा अधिकार एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरला, म्हणजे एएमईला असतो. हे लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. ते केवळ पदवीवर, मग ती कितीही मोठी असो, मिळत नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेला विद्यार्थीही या मार्गाला लागू शकतो.

बी१ वर्गात इंजिन व यांत्रिक भाग येतात, तर बी२ मध्ये एव्हिओनिक्स. प्रत्येक मोड्यूलच्या परीक्षेत ७५ टक्के गुण लागतात. मान्यताप्राप्त सीएआर-१४७ संस्थेत शिकलेल्यास जेट विमानांच्या बी१ साठी किंवा बी२ साठी चालू विमानांवर २ वर्षांचा अनुभव लागतो. असे प्रशिक्षण किंवा संबंधित कारागिरीचा अनुभव नसल्यास ५ वर्षे. त्यानंतर विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग घ्यावे लागते.

मग एम.टेक. वाया गेले का?

मुळीच नाही. हँगरमधील मोठ्या देखभालीनंतर विमान सोडण्याचा सी वर्ग पदवीधरांना वेगळ्या वाटेने खुला आहे. त्यासाठी तांत्रिक पदवीनंतर विमान देखभालीचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय प्रत्येक विमान कंपनीत सही न करणारे, पण तितकेच महत्त्वाचे अभियंते असतात. इंजिनची कामगिरी तपासणे, वारंवार होणाऱ्या बिघाडांचे विश्लेषण, देखभालीचे वेळापत्रक, उत्पादकाच्या सूचनांचा अभ्यास ही कामे तांत्रिक सेवा आणि एअरवर्दीनेस विभागात चालतात. उच्च पदवीचा खरा उपयोग इथे होतो.

नोकरी कुठे?

मुंबईत विमान कंपन्यांचे देखभाल विभाग आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचे मोठे हँगर आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, पण ही कंपनी त्या विक्रीत नव्हती. हा फरक आपल्या मुलांनी लक्षात ठेवावा, कारण आरक्षण सरकारी कंपनीत लागू असते, खासगी विमान कंपनीत नाही.

प्रवेशापूर्वी चार प्रश्न

संस्थेची सीएआर-१४७ मान्यता आज चालू आहे का? ती कोणत्या वर्गासाठी आहे? चालू विमानावरचा अनुभव संस्था देते की आपणच शोधायचा? या अभ्यासक्रमाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे का? उत्तरे लेखी घ्या आणि मान्यता डीजीसीएच्या यादीत स्वतः पडताळा. 'शंभर टक्के नोकरी' अशा जाहिरातीवर शेत गहाण ठेवू नका.

पदवी ज्ञान देते, लायसन्स अधिकार देते. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे आधी ठरवा. फी नंतर भरा.