साष्टीच्या डोंगरांतील पाणी आणि प्रवासी

मुलुंडच्या स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे घरांच्या ओळींमागें डोंगराची एक लांबच लांब हिरवी भिंत दिसते. आतां उंच इमारतींमुळें ती तुकड्यातुकड्यांनीं दिसते, एवढेंच. हा साष्टी बेटाचा कणा. अलीकडे मुलुंड आणि भांडुप, पलीकडे बोरिवली आणि गोरेगांव, उत्तरेस येऊर आणि ठाणें. आणि मध्यें विहार व तुळशी हे दोन तलाव आणि कान्हेरीचीं लेणीं. मुंबईकर माणूस सुटीच्या दिवशीं कान्हेरीस जातो, मोठ्या चैत्यांत उभा राहून वर पाहतो, शिदोरी सोडतो आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परततो. चारी बाजूंनीं शहर वाढत असतां हा डोंगर मात्र झाडीसह कसा टिकला, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाहीं. वास्तविक लेण्यांइतकाच हाहि प्रश्न पाहण्यासारखा आहे.

कान्हेरीचें जुनें नांव कण्हगिरि किंवा कृष्णगिरि, म्हणजे काळा डोंगर. शंभराहून अधिक लेणीं येथें कोरलेलीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास कामास सुरुवात झाली आणि सुमारें हजार वर्षें येथें भिक्षूंचा वावर होता. त्यांनीं ही जागा निवडली तीहि विचारपूर्वक. सोपारा, कल्याण आणि चेऊल ही तिन्ही व्यापाराचीं बंदरें फार लांब नव्हतीं. त्यामुळें दाते मिळत, आणि तरीहि बाजाराचा गलका कानीं पडत नसे. शिलालेखांतून या दात्यांचीं नांवें आहेत. कल्याणचा व्यापारी आहे, सोपाऱ्याचा आहे, सोनार आहे, भिक्षुणी आहेत. एकानें मागाठाण्याचें शेत लावून दिलें आहे. त्याच्या उत्पन्नांतून भिक्षूंस वस्त्रें मिळावयाचीं.

पण अडचण पाण्याची होती. पावसाळ्याचे चार महिने येथें आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने काळा दगड तापत राहतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशीं खडकांत पाण्याचें टांकें खोदलेलें आहे. कड्यावरून उतरणारें पाणी बारीक पन्हळींनीं वळवून त्यांत सोडलेलें आहे. या टांक्यांस शिलालेखांत ‘पोढि’ असा शब्द आहे, आणि लेणें खोदून देण्याइतकेंच पोढि खोदून देणें हेंहि पुण्यकर्म समजलें जाई. वासिष्ठीपुत्र सातकर्णि याच्या राणीचा उल्लेख करणारा जो प्रसिद्ध लेख येथें आहे, ज्यावरून सातवाहन व क्षत्रप या दोन वैरी घराण्यांत सोयरीक झाली होती हें इतिहासाला कळलें, तो लेख वस्तुतः एका अमात्यानें दिलेल्या टांक्याचा आहे. इतिहासकार राणीच्या माहेराकडे पाहतात. सामान्य माणसानें त्या टांक्याकडे पाहावें.

भिक्षु गेले त्याच सुमारास दुसऱ्या जातीचे लोक येऊं लागले. ते राहावयास नव्हे, पाहावयास येत. नव्वदाव्या लेण्यांत भिंतीवर पहलवी लिपींत कांहीं ओळी कोरलेल्या आहेत. यज्दगर्दी ३७८ आणि ३९० हीं वर्षें, म्हणजे इ. स. १००९ आणि १०२१, आणि आलेल्या मंडळींचीं व त्यांच्या बापांचीं नांवें, एवढाच मजकूर. इराणी वंशाचे हे गृहस्थ पूजेस आले नव्हते हें उघड आहे. त्यांनीं डोंगर चढून लेणीं पाहिलीं आणि आपण आल्याची खूण ठेवली. आज कोणी भिंतीवर नांव कोरलें तर चौकीदार दंड करील, आणि तो योग्यच होय. पण हजार वर्षांपूर्वींच्या या खोडीमुळें आपणांस साष्टींतील पहिल्या सहलीची तारीख मिळाली. या ओळींचें वाचन १८८० सालीं एडवर्ड वेस्ट यांनीं प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेचे इंजिनियर. १६ एप्रिल १८५३ रोजीं जी गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, ती मुलुंडच्या याच डोंगराच्या पायथ्यावरून गेली.

१५३४ सालच्या तहानें साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. पुढें जुवांव द कास्त्रु यानें १५३९ सालीं कान्हेरी पाहून तिचें वर्णन लिहून ठेवलें. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं येथें सेंट मायकेलच्या नांवानें प्रार्थनास्थान केलें. इतिहासकार दियोगु द कोतु यानें तर एक अजब हकीकत नोंदविली आहे. या डोंगरांत एक भुयार असून तें थेट खंबायतेपर्यंत जातें अशी वदंता होती. तिचा छडा लावण्याकरितां एक पाद्री माणसें, दोर आणि दिवे घेऊन आंत शिरला, सात दिवस चालला, आणि शेवट न सांपडल्यामुळें परत आला! कान्हेरीस असें भुयार नाहीं. परंतु दारांमागून दारें आणि पायऱ्यांमागून पायऱ्या पाहून परक्या माणसाची कल्पना किती लांब धांवे, याचा हा नमुना होय.

मराठ्यांनीं १७३७ सालीं साष्टी घेतली. त्या अमलांत, १७६० च्या डिसेंबरांत, आंकेतील द्युपेराँ हा फ्रेंच तरुण येथें आला. त्यानें एकेक लेणें क्रमानें पाहून टिपलें. त्याच्या आधींचे लोक आश्चर्य करून थांबत, यानें मोजलें. पुढें ठाणें इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस घेतलें आणि मग साहेब लोकांची रीघ लागली. कोणी चित्रें काढलीं, कोणी लेखांचे ठसे घेतले. १८३९ सालीं डॉक्टर बर्ड यांनीं थोरल्या चैत्यासमोरील स्तूप खणला. त्यांत तांब्याचीं भांडीं, रत्नांचे तुकडे आणि ताम्रपट सांपडले. एका ताम्रपटावर त्रैकूटक संवत् २४५, म्हणजे इ. स. ४९४ च्या सुमाराची मिति आहे. ज्ञान वाढलें खरें. पण ज्या श्रद्धेनें तें भांडें पुरलें होतें तिची कोणी विचारपूस केली नाहीं.

डोंगर पाहण्याचा हा नाद आपल्याच देशांत आहे असें नव्हे. पोलंडचें नांव महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें हजारों पोलिश निर्वासित राहात होते. त्यांच्या मायदेशीं क्राकोव आणि चेंस्तोखोवा या शहरांमध्यें पांढऱ्या चुनखडीचा एक उंचवटा आहे. चौदाव्या शतकांत तेथील कासिमीर राजानें सरहद्द राखण्यासाठीं त्या सुळक्यांवर किल्ले बांधले; पुढें १६५५ पासून स्वीडनच्या स्वारींत त्यांतील कित्येक मोडले. आज तरुण मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून एका पडक्या किल्ल्याहून दुसऱ्याकडे दिवसचे दिवस चालत जातात. संगीतकार शोपेनहि १८२९ सालीं तेथल्या ओयत्सूव खोऱ्यांत हिंडून आला होता. तेथेंहि एक गुहा आहे, आणि वोकियेतेक नांवाचा राजा शत्रूपासून तींत लपला होता अशी दंतकथा आहे. म्हणजे कोतूच्या भुयाराला तेथें भावंड आहे! फरक एवढाच कीं, चुनखडींतील गुहा पाण्यानेंच पोखरून केल्या. आपल्या काळ्या डोंगरांत माणसानें छिन्नीनें गुहा केल्या आणि मग त्यांत पाणी आणलें.

पाण्याचीच गोष्ट पुढें चालवावयाची. १८५४ सालीं मुंबई बेटावर पाण्याचा मोठा दुष्काळ पडला. विहिरी आणि तळीं आटलीं. तेव्हां सरकारची नजर या डोंगराकडे वळली. हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें मिठी नदीच्या खोऱ्यांत १८५६ सालीं बांधकामास आरंभ झाला आणि १८६० सालीं विहारचें पाणी नळानें मुंबईंत आलें. तें पुरेना म्हणून वर तुळशी बांधला. तो १८७९ सालीं पुरा झाला. १८९१ सालीं पवई झाला, पण त्याचें पाणी पिण्यास चांगलें निघालें नाहीं. तलाव स्वच्छ ठेवावयाचा तर ज्या उतारांवरून त्यांत पाणी येतें ते उतार मोकळे ठेवले पाहिजेत. तेथें नांगर नको, गुरें नकोत, वस्ती नको. विहारच्या खोऱ्यांतील गांवकऱ्यांना म्हणून उठावें लागलें. त्यांचीं घरें व शेतें गेलीं तेव्हां शहरास पाणी आणि पाण्याबरोबर अरण्य मिळालें.

हें नीट ध्यानांत घेण्यासारखें आहे. पहलवी नांवें कोरणारे, पाद्री, फ्रेंच पंडित, चित्रकार, यांपैकीं कोणीहि या डोंगराचें एक झाड राखलें नाहीं. डोंगर राखला तो शहराच्या तहानेनें. तानसाचें पाणी १८९२ सालीं आलें, त्यानंतर वैतरणा आणि भातसा आल्या, आणि आज विहार-तुळशीचा वांटा मुंबईच्या पाण्यांत अगदीं अल्प उरला आहे. लांबचें पुष्कळसें पाणी याच डोंगराच्या पायथ्याशीं भांडुपला शुद्ध होतें. पण तलावांभोंवतीं राखलेली झाडी तशीच राहिली, आणि तिच्याभोंवतीं पुढें राष्ट्रीय उद्यान झालें. त्याचा विस्तार आज सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे आणि १९९६ पासून त्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असें नांव आहे. त्यांत बिबटे आहेत, आणि उद्यानाची कल्पना निघण्यापूर्वींपासून राहणाऱ्या वारल्यांचे पाडेहि आहेत. सहलीस येणाऱ्याला बिबट्याची आठवण होते, पाड्यांची होत नाहीं.

कोतूच्या हकीकतींतील भुयार मात्र आतां खरें व्हावयाचें आहे. गोरेगांव व मुलुंड जोडणाऱ्या रस्त्यासाठीं या अरण्याखालून जुळे बोगदे काढण्याचें काम ठरलें असून १३ जुलै १९२४ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, १३ जुलै २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. प्रत्येक बोगद्याची लांबी सुमारें पावणेपांच किलोमीटर. एक तोंड गोरेगांवच्या चित्रनगरीकडे, दुसरें मुलुंडच्या बाजूस खिंडीपाड्याकडे. पाद्र्याला सात दिवसांत न सांपडलेला शेवट मोटारींतील माणसाला कांहीं मिनिटांत सांपडेल. वरची झाडी तोडावी लागूं नये म्हणून खालून जावयाचें, हा हेतु चांगलाच आहे. परंतु ज्यांच्या जागेवर बोगद्याचीं तोंडें उघडावयाचीं त्या झाडांचा आणि घरांचा प्रश्न वरच राहतो, आणि विहारच्या वेळीं उठलेल्या गांवकऱ्यांप्रमाणें त्यांचा हिशेब कोणत्या वहींत लिहिला जातो हें पाहावें लागेल.

कान्हेरीस जाणाऱ्यानें पावसाळा सरतांना जावें. चैत्य पाहून झाल्यावर वरच्या ओळींतील लेण्यांकडे चढावें, आणि दाराशेजारच्या टांक्यांत डोकावून पाहावें. पन्हळ जेथें फुटलेली नाहीं, तेथें अजून त्यांत पाणी सांचतें.